‘आधी पोलीस, मग उपचार’ असा नियमच नाही
एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो: रस्त्यावर जखमी दिसला तर हात लावू नका, पोलीस आल्याशिवाय रुग्णालय त्याला घेत नाही, बिल तुमच्या गळ्यात पडते, आणि तो दगावला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. आपल्या माणसांच्या काळजीपोटी पुढे पाठवला जाणारा हा मजकूर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो, म्हणून हे उत्तर.

रुग्णालयाचा दावा आधी घेऊ. एका जखमी स्कूटरस्वाराला ‘पोलीस केस’ म्हणून एका रुग्णालयाने नाकारले, अशा प्रकरणांसाठी मान्यता असलेल्या सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला. ही बातमी घेऊन मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. पोलिसांना कळवायचे असतेच, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नसतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ डॉक्टरांना हेच बजावते.

बिलाची भीतीही निराधार आहे. जखमीचा नातेवाईक नसलेल्या माणसाला पैशांसाठी अडवून ठेवता येत नाही. केंद्राची २०१५ ची ही मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देशभर बंधनकारक केली.

गुन्ह्याची आणि पोलीस ठाण्याच्या खेपांची धास्ती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले: वाहन अपघातातील जखमीला सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याच्या हातून चूक झाली, तरी त्या दुखापतीसाठी किंवा मृत्यूसाठी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि तो स्वखुशीने साक्षीदार झाला तर जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. हे हक्क मराठीतूनही रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी किंवा दुसऱ्या ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. फलक दिसला नाही तर व्यवस्थापनाला अवश्य विचारावे.

‘हात लावू नका’ यात सत्याचा अंश एवढाच की, मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार लागल्याचा संशय असेल आणि जागीच आगीचा वा वाहनांचा धोका नसेल, तर जखमीला हलवू नये. अशा वेळीही १०८ ला फोन करता येतो, वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरता येते आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ थांबता येते.