सर्दी झालेला गायक

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी रील टाकलं. पांढरी दाढी, हातात गिटार, आणि वर ठसठशीत अक्षरांत, 'ओळखा पाहू? कधीकाळचा स्टार, आज ही अवस्था!' खाली रडक्या इमोजींची रांग. गायक लकी अलीची म्हणे 'अवस्था'. त्यात जेवताना शेजारचा म्हणतो, "वाया गेला हो माणूस. त्या वेळी नुसता पैसा ओढला असता." मी डबा तसाच बंद केला.

साताऱ्यात आमच्या घरी एकच टेप होता, आणि त्यावर पहिला हक्क अण्णांचा. अण्णा एसटीत कंडक्टर. ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन नाट्यगीतं लावायची, हा नेम. '९७च्या सुमारास मी मैत्रिणीकडून लकी अलीच्या 'सुनो' अल्बमची कॅसेट मागून आणली आणि अण्णा यायच्या आत 'ओ सनम' लावलं. ते नेमके त्या दिवशी लवकर आले. दारातच थांबून दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "याला सर्दी झालीय का गं? वाफारा घ्यायला सांग."

तर, हा 'सर्दी झालेला' माणूस १९९६ साली 'सुनो' आला तेव्हा अडतिशीला टेकलेला होता. पोरगेला पॉपस्टार नव्हताच तो कधी. मग 'सिफर', मग २००० साली 'कहो ना प्यार है'. 'ना तुम जानो ना हम'ला फिल्मफेअर. आख्खा देश त्या हृतिक रोशनच्या नाचावर लट्टू झालेला, आणि 'एक पल का जीना'तला आवाज आमच्या सर्दीवाल्याचा! यानंतर कुणीही शहाणा माणूस मुंबईत स्टुडिओच्या दारात ठाण मांडून बसला असता. हा नाही बसला. दोन-चार वर्षांनी एखादं गाणं गायचं. 'बचना ऐ हसीनो'त एक, 'अनजाना अनजानी'त एक, २०१५ला 'तमाशा'त रहमानकडे 'सफरनामा'. बाकी वेळ बंगळुरूजवळच्या शेतावर. याला वाया जाणं म्हणायचं? मग रोज रात्री रिअ‍ॅलिटी शोच्या खुर्चीत बसून ग्लिसरीनचे अश्रू ढाळणं म्हणजे काय, सार्थकी लागणं?

हो, माहीत आहे. विनोदी नट मेहमूदचा मुलगा आहे तो. पाठीशी काही असलं की पाठ फिरवणं सोपं जातं. आणि 'सुनो'ची जादू पुढच्या अल्बमांत तेवढी नव्हती, हेही खरं. २००९चा तर मीही विकत घेतला नाही. 'ओ सनम'चे शब्दही त्याचे नाहीत, सय्यद असलम नूर यांचे आहेत, हे कमेंटमध्ये सांगायला कुणीतरी येणारच, म्हणून मीच सांगते. बास.

राग खरं तर त्या रीलचा नाहीच. अण्णा रिटायर झाले तेव्हा गल्लीत जो तो विचारायचा, "आता काय करता?" अण्णा म्हणायचे, "बसतो." समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, जणू घरात काही अशुभ घडलंय. तीसेक वर्षं डबल बेल मारलेल्या माणसाला ओट्यावर नुसतं बसायची परवानगी नाही आपल्याकडे. गायकाला तर त्याहून नाही. एकदा आपल्याला आवडलास ना, मग आता मरेपर्यंत आवडत राहा. नाहीतर जिवंतपणीच श्रद्धांजली. आणि ती तर लोकांनी खरोखरच वाहिली! मे २०२१मध्ये कोरोनाने गेला म्हणून अफवा उठली होती, आठवतंय? अभिनेत्री नफीसा अलींना सांगावं लागलं, अहो, तो ठणठणीत आहे.

त्याच्या आदल्या डिसेंबरात त्यांनीच टाकलेला व्हिडिओ अण्णांना दाखवला होता मी. गोव्यात, हरमलला, भोवती पोरंटोरं, आणि हा आरामात 'ओ सनम' गातोय. कुठे पोचायची घाई नाही, की कुणाला काही दाखवून द्यायचं नाही. अण्णांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर ढकलला. शेवटपर्यंत पाहिलं. काही बोलेनात. मला वाटलं, झोप लागली.

मग म्हणाले, "सर्दी काही गेली नाही गं याची."

आणि मोबाईल माझ्याकडे देत, "परत लाव."