वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटत नाही

‘वयात येण्याआधी वजने उचलली की हाडांची वाढ थांबते आणि उंची खुंटते’ असा मजकूर पालकांमध्ये फिरत आहे. तो बरोबर नाही. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चेला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत हे खरे, परंतु ती प्रामुख्याने चुकीची पद्धत, न पेलणारे वजन किंवा देखरेखीचा अभाव यांमुळे घडली आहेत, आणि सायकलवरून पडूनही तशी इजा होऊ शकते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली मांडलेल्या भूमिकेतही योग्य देखरेखीखालील ताकदीच्या व्यायामाला पाठिंबा आहे.

या वयात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक अल्प असल्याने स्नायू फारसे फुगत नाहीत. ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावू लागते म्हणून. त्यामुळे दंडाचे स्नायू फुगत नाहीत म्हणून वजन वाढवत नेणे मला खरोखर चिंतेचे वाटते. मल्लखांबावर स्वतःचे शरीर पेलणारे मूलही ताकदीचाच व्यायाम करत असते. सूचना नीट पाळता येऊ लागल्या, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपासून, हलक्या वजनाने सुरुवात करता येते. कमाल वजन उचलण्याचे प्रयत्न मात्र हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत टाळावेत.