नोटीस आली म्हणजे माणूस खोटा ठरला, असं नसतं

बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ करणाऱ्या माणसाचा विषय निघाला की ग्रुपवर कोणीतरी हे टाकतंच: "कंपनीची नोटीस आल्याबरोबर त्याने व्हिडिओ उडवला, वर माफी मागितली. खोटा होता म्हणूनच ना? खरा असता तर कोर्टात लढला असता. आणि तो ना डॉक्टर ना डाएटिशियन. असल्यांना मोकळं सोडलं तर उद्या कोणीही कोणत्याही कंपनीला बदनाम करेल." खाली लगेच अंगठे. मला यातलं बरंचसं पटत नाही, आणि का ते एकेक करून सांगते, कारण हा एका डब्याचा प्रश्न नाहीये, मोठ्या कंपनीबद्दल साध्या माणसाने ऑनलाइन तोंड उघडायचं की नाही याचा आहे.

आधी "माफी मागितली म्हणजे खोटा". एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमत्सिंगका यांनी इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ टाकला, की बोर्नव्हिटात निम्मी साखर आहे आणि हे मुलांना हेल्थ ड्रिंक म्हणून विकतात. बोर्नव्हिटा बनवणाऱ्या मोंडेलीझ कंपनीची लीगल नोटीस आली, व्हिडिओ गेला, माफी आली. मेसेज इथेच थांबतो, पण गोष्ट पुढे गेली ना. त्याच महिन्यात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला लिहिलं की दिशाभूल करणाऱ्या जाहिराती, पॅकिंग, लेबल मागे घ्या. वर्ष संपेपर्यंत वरून घातलेल्या साखरेचा लेबलवरचा आकडा १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आला. आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' कॅटेगरीतून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाहीये. मूळ मुद्दाच खोटा असता तर यातलं काही झालं असतं का?

आणि साखरेचं गणित कोणीही घरी करू शकतं. कंपनी म्हणाली एका वेळच्या २० ग्रॅममध्ये साडेसात ग्रॅम साखर वरून घातलेली असते. बरोबर आहे. पण तेच १०० ग्रॅमला लावा, साडेसदतीस होतात, आणि घटकांतली मुळातली साखर धरून एकूण आकडा तेव्हाच्या लेबलवर ४९.८ होता. म्हणजे निम्मी. दोघंही एकच डबा वाचत होते, फक्त एकाने चमचा सांगितला आणि दुसऱ्याने डबा.

आता "खरा असता तर लढला असता", ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपणच घरात म्हणतो, जमिनीच्या वादात भावाशी तडजोड करतो, आणि एकट्या माणसाने मल्टिनॅशनल कंपनीशी वर्षानुवर्षं केस लढावी अशी अपेक्षा करतो? त्याने माफीतच लिहिलं होतं की कोर्टकचेरीची इच्छाही नाही आणि तेवढे पैसेही नाहीत. नोटीस म्हणजे वकिलाचं पत्र, बस. ते कुठल्या जजने वाचलेलं नसतं, पुरावा कोणी तपासलेला नसतो. त्यात मानहानी आपल्याकडे दिवाणीच नाही, फौजदारीही आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे समोरचा घाबरला तर त्यातून त्याची ऐपत कळते, खरंखोटं नाही.

आणि ऐपत असलेल्यांचंही काय होतं बघा. टीव्ही चॅनलवाल्या झी कंपनीबद्दल ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी दिली, दिल्लीच्या कोर्टाने खटला चालायच्या आधीच ती काढायला लावली, हायकोर्टानेही ते कायम ठेवलं, शेवटी मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश रद्द केला आणि बजावलं की आरोप सिद्ध व्हायच्या आधी असे मनाई हुकूम सहज देऊ नका, त्याने लिहिणाऱ्याचं बोलणं आणि लोकांचा जाणून घ्यायचा हक्क दोन्ही मारले जातात. ब्लूमबर्गकडे सुप्रीम कोर्टापर्यंत जायला वकिलांची फौज होती म्हणून. आपल्यातल्या एखादीने रील टाकलं तर तिच्यामागे कोण उभं राहणार? प्लॅटफॉर्म तर नाहीच. कोर्टाचा आदेश आला की पोस्ट उतरवायची, नाहीतर लोकांच्या पोस्टसाठी त्यांना जबाबदार न धरण्याचं आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण जातं, मग ते तुमच्यासाठी कशाला भांडतील.

डिग्रीचा मुद्दा छोटा आहे. लेबल गिऱ्हाइकाने वाचावं म्हणूनच छापायला लावलंय, ते वाचायला डिग्री लागत असेल तर छापायचंच कशाला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका व्हे प्रोटीन कंपनीला यूट्यूबरांविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम नाकारला, तिथे लॅबच्या चाचण्या पुढे होत्या. कोर्टाने पुराव्याकडे बघितलं.

"उद्या कोणीही बदनाम करेल" यात मात्र तथ्य आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. त्याच व्हिडिओत रंगामुळे कॅन्सरचा धोका वगैरे होतं, ते साखरेइतकं पक्कं नव्हतं, आणि मुलांच्या खाण्याबद्दल बोलताना कॅन्सर हा शब्द जपूनच वापरायला हवा. पॅराशूट तेलाच्या व्हिडिओवर ते बनवणाऱ्या मॅरिको कंपनीने यूट्यूबरला मुंबई हायकोर्टात खेचलं तेव्हा जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं होतं की ज्यांच्यामागे एवढे फॉलोअर्स आहेत त्यांच्यावर जबाबदारीही आहे. कबूल. पण मग ती पैसे घेऊन गोड बोलणाऱ्यांनाही लावा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसवी जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही १० लाखांपर्यंत दंड आहे, त्याचा मेसेज ग्रुपवर कधी फिरलेला बघितला नाही मी.

कंपनीवर अन्यायही होतो, तेही सांगायला हवं. जून २०१५ मध्ये शिसं जास्त आहे म्हणून मॅगीवर देशभर बंदी आली, आणि १३ ऑगस्टला आपल्याच मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली, कारण ज्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी घातली त्यांना आवश्यक मान्यताच नव्हती आणि कंपनीचं म्हणणंही नीट ऐकलं गेलं नव्हतं. नंतर तीन लॅबमध्ये पुन्हा चाचण्या झाल्या, त्यात शिसं मर्यादेच्या आत निघालं, मग विक्री सुरू झाली. तरी "मॅगीत शिसं" कोणी आजही फॉरवर्ड करत असेल तर मी त्यालाही हेच विचारते, रिपोर्ट कोणत्या लॅबचा आणि तारीख काय.