सातवी मुलाखत

सकाळी एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, थीसिससाठी कन्सल्टन्सीत इंटर्न आहे. मॅनेजर म्हणतात, निष्कर्ष जरा पॉझिटिव्ह कर. करू का?"

डोकंच फिरलं. निष्कर्ष म्हणजे काय भिंतीचा रंग आहे, आवडला नाही की बदलला?

मीही यातून गेलेय. माझा विषय होता, कन्सल्टन्सीच्या शिफारशींचं पुढे होतं काय. बारा मुलाखती ठरल्या होत्या. सातव्या मुलाखतीत क्लायंटकडच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट ना? कपाटात आहे. किल्ली कुणाकडे असते ते विचारावं लागेल." तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास लागायचे, पण ते वाक्य मी उगाचच परत परत ऐकलं. मॅनेजर म्हणाले, "आउटलायर आहे, एकटंच वेगळं पडलेलं उत्तर. काढ."

आउटलायर! बारा जणांत? ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली सॅच्युरेशन मांडलं, ते नवं काही निघेनासं होईपर्यंत विचारत राहा म्हणून. नकोसं निघालं की थांबा म्हणून नव्हे. त्यात मुलाखतीची माणसं कंपनीनेच निवडलेली, सगळे खूश क्लायंट. त्या यादीतूनही त्या बाई निघाल्या, यातच काय ते आलं.

गाइडना लिटरेचर रिव्ह्यू हवा, मॅनेजरना दहा स्लाइड्स. दिवसभर भलत्याच क्लायंटचं स्लाइड-डेक सजवायचं आणि थीसिस रात्री. याला म्हणे एक्स्पोजर.

बरं, मान्य. नुसती विद्यार्थिनी म्हणून ईमेल केला असता तर त्या बाईंनी उत्तरही दिलं नसतं. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सहीसुद्धा मीच केली होती. नावं, आकडे झाकायला सांगा, तो तुमचा हक्क. पण कपाट झाकायचं?

आणि खरं सांगायचं तर मॅनेजर काही वाईट नव्हते. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री साडेअकरापर्यंत बसून माझ्या कोडिंगच्या (मुलाखतींतल्या उत्तरांचे गट पाडायच्या) तक्त्यातल्या चुका त्यांनीच काढून दिल्या. त्यांनाही तोच क्लायंट सांभाळायचा होता. मला त्यांच्या सहीचं सर्टिफिकेट हवं होतं.

मी ते वाक्य काढलं.

परीक्षकांनी विचारलं, "नाराज असं कुणीच भेटलं नाही?" मी म्हटलं, "नाही सर." त्यांनी पान उलटलं.

ज्युनियरला लिहिलंय: नाव झाक, हुद्दा झाक, कंपनी झाक, वाक्य ठेव. आणि गाइडना आजच फोन कर, निष्कर्ष बदलायला सांगतायत हे त्यांना माहीत असू दे.

दोन निळ्या टिक्स दिसतायत. उत्तर अजून नाही.