एमएच-३७०च्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना वाचक' यांस,

२०१४ साली बेपत्ता झालेल्या एमएच-३७० या प्रवासी विमानाचा शोध मलेशियाने पुन्हा सुरू करायचं ठरवलं ते योग्यच केलं, एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. बारा वर्षं होत आली, आता समुद्राचा तळ धुंडाळणं ही पैशाची उधळपट्टी आहे. ब्लॅक बॉक्स मिळाला तरी कॉकपिटमधलं शेवटचं दोन तासांचंच बोलणं त्यात असणार, त्याचा उपयोग शून्य. शोध घेणारी कंपनी स्वतःची जाहिरात करून घेतेय. 'नातेवाइकांनी आता वास्तव स्वीकारावं.' आणि शेवटी, 'घरबसल्या दुसऱ्यांच्या दुःखावर हिट्स कमावणाऱ्यांनी जरा डोकं वापरावं.'

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. हिट्सचे मला दमडी मिळत नाही, उलट डोमेनचे पैसे दरवर्षी माझ्याच खिशातून जातात. जुने वाचक असाल तर हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, आणि ठाऊक असून लिहिलं असेल तर मग काय बोलायचं! मतभेद जरूर मांडा, इथे कोणी कोणाचं तोंड धरलेलं नाही. पण टोपणनावाच्या आडून दुसऱ्याची अक्कल काढायची, ही कुठली पद्धत?

तुमचा एक मुद्दा मान्य. शोध घेणारी ओशन इन्फिनिटी ही कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. विमान सापडलं तर जगभर नाव होईल आणि कंत्राटं दारात येतील, हे तिला चांगलं कळतं. २०१८ साली अर्जेंटिनाची बुडालेली 'सान ह्वान' पाणबुडी तिने शोधून दिली, तेव्हाही तसंच झालं होतं. पण करार काय आहे? सुमारे १५,००० चौरस किलोमीटरचा नवा टापू. अवशेष सापडले तर ७ कोटी डॉलर, नाही सापडले तर मलेशिया एक रिंगिटही देणार नाही. उधळपट्टी झालीच तर ती कंपनीच्या भांडवलदारांची होईल. त्यांची काळजी तुम्ही कधीपासून करायला लागलात? लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात हे लिहिलं होतं. असो.

आता ते वास्तव स्वीकारण्याचं वाक्य. ते मला सहज सोडवत नाही.

कुठलं वास्तव म्हणता? ८ मार्च २०१४च्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या बोइंग ७७७मध्ये २३९ माणसं होती. १ वाजून १९ मिनिटांनी कॉकपिटमधून 'गुड नाइट' आलं आणि दोनच मिनिटांत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र, गप्प झालं. विमान मागे फिरलं, मलाय द्वीपकल्प ओलांडून अंदमान समुद्राच्या दिशेने गेलं आणि २ वाजून २२ मिनिटांनी लष्करी रडारवरूनही नाहीसं झालं. तरी ते उडतच होतं. इनमारसॅट या कंपनीच्या दळणवळण उपग्रहाशी त्याचा अधूनमधून नुसता हाय-हॅलो चालू होता, तो सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत. या संकेतांवरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते काढता आलं, नेमकं कुठे होतं ते नाही. म्हणून हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एक लांबलचक वक्र रेषा मिळाली, तिलाच 'सेव्हन्थ आर्क' म्हणतात. २०१७पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली १,२०,००० चौरस किलोमीटर तळ पाहून झाला आणि २०१८मध्ये याच कंपनीने आणखी १,१२,००० पाहिला. हाती काही लागलं नाही.

नातेवाइकांना हे वास्तव कसं कळवलं, माहितीय? २४ मार्च २०१४ला कित्येकांच्या मोबाइलवर इंग्रजीत एसएमएस आला. विमान गेलं, कोणीही वाचलेलं नाही. तेव्हा विमानाचा एक तुकडाही कोणाला सापडला नव्हता! पहिला तुकडा, पंखाच्या मागच्या कडेचा फ्लॅपेरॉन, रीयूनियन बेटाच्या किनाऱ्यावर मिळाला तो जुलै २०१५मध्ये. त्याआधीच, २९ जानेवारी २०१५ला, मलेशियाने अपघात जाहीर करून सगळ्यांना मृत धरलं होतं. आणि जुलै २०१८च्या अधिकृत अहवालाचा निष्कर्ष? विमान का बेपत्ता झालं ते ठरवता येत नाही. चौकशी समितीच हात वर करते, आणि बीजिंगमधल्या म्हाताऱ्या आईबापांनी मात्र स्वीकारावं. काय स्वीकारावं?

तुम्ही मला घरबसल्या लिहिणारा म्हणालात म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. माझा मामा खलाशी होता. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळ आलं तेव्हा त्यांचा ट्रॉलर दर्यात होता, तो परत आला नाही. माणूसही नाही, फळकूटही नाही. मदतीच्या अर्जावर दोन रकाने होते, 'मृत' आणि 'जखमी'. मामीने विचारलं, ह्यांना कशात घालू? टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज तिच्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, बॉडी मिळाली की या. मग कायद्याची सात वर्षं. ती सरली तर भटजी म्हणाले, पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार, बारा वर्षांनंतर. तोवर मामी कुंकू लावायची, तर वाडीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. अपशकुन नको म्हणून. लावलं नाही की सासू ओरडायची, माझा मुलगा जिता असताना कपाळ मोकळं ठेवतेस? तिला तुमच्यासारखे सल्ले देणारे भरपूर होते, वहिनी आता पुढं बघा म्हणणारे. पुढं म्हणजे कुठे, ते एकानेही सांगितलं नाही. तेव्हा वास्तव स्वीकारण्याचं प्रवचन मला देऊ नका. एमएच-३७०च्या यादीत पाच भारतीय आहेत आणि त्यातली काही आडनावं आपल्याकडची आहेत. त्यांच्या घरी जाऊन हे वाक्य म्हणून दाखवा, मग इथे या.

राहिला ब्लॅक बॉक्स. आवाजाच्या रेकॉर्डरमध्ये शेवटचे दोनच तास असतात, बरोबर. विमान ज्या क्षणी वळलं तो त्यात नसणार, हेही बरोबर. पण बॉक्स दोन असतात साहेब! दुसऱ्यात उड्डाणाची तांत्रिक माहिती असते, ती २५ तासांची, म्हणजे ते वळणही आलं. इतक्या वर्षांनी खोल पाण्यात चिप शाबूत राहील का वगैरे तुमचे कीस मी पाडत बसत नाही. २००९मध्ये अटलांटिक महासागरात पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाचे बॉक्स दोन वर्षांनी, सुमारे ३,९०० मीटरवरून काढले आणि वाचले. आपल्या हवाई दलाचं एएन-३२ विमान जुलै २०१६मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बेपत्ता झालं. तेव्हाही मिळणार नाही म्हणणारे होतेच. त्याचे अवशेष साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर ३,४०० मीटर खोल दिसले. एनआयओटी या आपल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने टिपले. तेव्हा 'उपयोग शून्य' म्हणायची घाई नको.

शोध ३० डिसेंबर २०२५पासून, एकूण ५५ दिवसांचा आणि टप्प्याटप्प्याने, असं मलेशियाच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केलं होतं. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा असतो तेव्हाच तिथला समुद्र थोडंफार काम करू देतो, म्हणून हा मुहूर्त. तुमच्यामाझ्या वादाने त्यात काही फरक पडत नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, शेवटच्या वाक्यासकट तशीच ठेवली आहे. आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा, मात्र खऱ्या नावाने. टोपणनावाची प्रतिक्रिया यापुढे प्रकाशित होणार नाही.