ट्रॅक डेसाठी लॅप टाइमर: कर्वेनगरच्या कट्ट्यावर झालेला वाद

सन्या पुढच्या महिन्यात चेन्नईला ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली बाईक पळवायच्या दिवसाला, चाललाय, केटीएमची आरसी ३९० पिकअपमध्ये टाकून, आणि त्याने ठरवूनच टाकलंय की हँडलवर स्क्रीनवाला लॅप टाइमर (लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ मोजणारं यंत्र) पाहिजे म्हणजे पाहिजे. परवा कट्ट्यावर हा विषय निघाला आणि चहाचे तीन राउंड झाले तरी कुणी हललं नाही. म्हटलं लिहूनच काढू, कारण पुण्यातनं ट्रॅकवर जाणारी बरीच पोरं आहेत आणि पहिल्यांदा जाणारा प्रत्येकजण हेच विचारतो.

सन्याचं म्हणणं असं, "मला चालवतानाच कळलं पाहिजे की मी माझ्या बेस्ट लॅपच्या पुढे आहे का मागे. एआयएम कंपनीच्या सोलो टाइमरवर किती सेकंद पुढे-मागे ते प्लस-मायनस दिसत राहतं, मग त्याच लॅपला सुधारता येतं."

मेघा आमच्यात सगळ्यात जास्त ट्रॅकवर गेलेली, तिने लगेच धरला त्याला. "किंमत बघितलीस का? तेवढ्यात टायरचा जोड येतो आणि वर आणखी एका ट्रॅक डेची एंट्री निघते. तुझे टायर आधी बघ, मध्ये सपाट झालेत."

पक्याचा तर खर्च करायलाच विरोध. "अरे फोनमध्ये जीपीएस आहेच की! रेसक्रोनो हे लॅप टायमिंगचं ॲप टाक, ट्रॅक सिलेक्ट कर, फोन खिशात टाक आणि जा. फुकटात काम."

इथनं खरा वाद सुरू झाला. मेघाने टपरीवरच्या बिलाच्या मागेच हिशोब मांडला. बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतं, म्हणजे १ हर्ट्झ. ताशी १४० ने जाताना बाईक सेकंदाला जवळपास ३९ मीटर जाते, म्हणजे फोनला तुझा एक ठिपका इथे दिसतो आणि पुढचा डायरेक्ट ३९ मीटरवर, मधे तू काय केलंस ते त्याला माहीतच नाही. १० हर्ट्झचा रिसीव्हर असेल तर तोच ठिपका दर चार मीटरला पडतो, २५ हर्ट्झला दीड मीटरला.

पक्या म्हणाला, "मग ॲप लॅप टाइम शंभराव्या भागापर्यंत कसा दाखवतं?"

प्रश्न चांगला होता. ॲप काय करतं, लॅप जिथे सुरू होतो आणि संपतो त्या रेषेच्या अलीकडचा एक ठिपका घेतं, पलीकडचा एक घेतं, आणि मधल्या वेळात बाईक साधारण सारख्याच स्पीडने गेली असं धरून रेषा कधी ओलांडली ते काढतं. सरळ पट्ट्यावर हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, म्हणून नुसत्या फोननेही लॅप टाइम अगदीच चुकीचा येत नाही. पण कॉर्नरमध्ये तसं नाही चालत, तिथे दर सेकंदाला स्पीड आणि दिशा दोन्ही बदलतात, त्यामुळे १ हर्ट्झवर कॉर्नरचा आकारच कापला जातो आणि तू सगळ्यात कमी किती स्पीडला आलास हा आकडा चुकतो. आणि माझ्या मते शिकणाऱ्याला तोच आकडा सगळ्यात उपयोगाचा आहे.

अजून एक गोष्ट मेघाने सांगितली जी बऱ्याच जणांना माहीत नसते. रिसीव्हर कितीही फास्ट असला तरी जीपीएसची जागा एखाद-दोन मीटर इकडेतिकडे होतेच. १८० च्या स्पीडला दोन मीटरची चूक म्हणजे सेकंदाचे चार शतांश, पण ६० च्या स्पीडला तीच चूक बारा शतांश होते. म्हणून रेषा नेहमी फास्ट जागी ठेवायची. मद्रास इंटरनॅशनल सर्किटला, म्हणजे आपल्या जुन्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला, ती मेन स्ट्रेटवरच आहे, पण आपण ॲपमध्ये स्वतःचे सेक्टर, म्हणजे लॅपचे तुकडे, पाडतो तेव्हा लोक हौसेने हेअरपिनच्या, म्हणजे एकदम हळू घ्यायच्या यू-वळणाच्या, मधोमध रेषा टाकतात आणि मग सेक्टरचे आकडे उड्या मारतात.

एवढ्यात गॅरेजवाले काका येऊन बसले. ते चेन्नईजवळ शोलावरमच्या विमानाच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या तेव्हापासूनचे. त्यांचं मत एकदम ठाम, "पिट वॉलवर, ट्रॅकच्या कडेच्या भिंतीशी, एक माणूस उभा करा स्टॉपवॉच घेऊन. आम्ही तेच केलंय. यंत्राचं काय एवढं?"

"काका, बरोबर आहे तुमचं, पण स्टॉपवॉच एवढंच सांगतं की याचा लॅप दोन मिनिटं वीस सेकंदांचा," मेघा म्हणाली. "त्यात वेळ कुठे गेला ते नाही सांगत. टायमिंगसाठी बाईकला लावतात त्या ट्रान्सपॉन्डरचंही तेच. रेसमध्ये ते लागतंच, हजारावा भाग अचूक पकडतं, पण ट्रॅकखाली त्याचा सिग्नल पकडणारी तारेची लूप जिथे पुरलीय तिथलीच वेळ."

काका यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण एक सांगतो, बघणाऱ्या माणसाला पोरगं ब्रेक घाबरून मारतंय का ठरवून मारतंय ते दिसतं, तुमच्या डब्यात ते येणार नाही." हे कुणालाच खोडता आलं नाही.

सन्या मात्र स्क्रीनवर अडून. तेव्हा मी मधे पडलो, कारण या एका मुद्द्यावर मला खरंच कळकळ आहे. १४० ला अर्धा सेकंद खाली बघितलं की जवळपास वीस मीटर न बघता गेलास. हे जिथे करावंसं वाटतं ती जागा म्हणजे मेन स्ट्रेट, आणि त्याच्या शेवटी सी-वन, म्हणजे पहिला कॉर्नर, आहे. नवीन माणसाची नजर आधीच बाईकच्या पुढ्यात पडलेली असते, इन्स्ट्रक्टर दिवसभर ओरडत असतात की नजर लांब टाका, कित्येक ठिकाणी तर मीटरवरसुद्धा टेप लावायला सांगतात, आणि तू पैसे देऊन तिथे अजून एक आकडा बसवणार? रेसला तयारी करणाऱ्याला स्क्रीन लागेल, मान्य. पहिल्या काही ट्रॅक डेला वेळ नुसती रेकॉर्ड व्हावी आणि पिटमध्ये हेल्मेट काढल्यावरच बघावी.

फोन हँडलला लावायचा तर विचारच सोडा. सुटून पडला तर मागच्याच्या चाकाखाली, आणि बाईकच्या व्हायब्रेशनने कॅमेरा खराब होऊ शकतो हे खुद्द ॲपलने २०२१ ला लिहून सांगितलंय. पक्या म्हणतो तसा सूटच्या खिशातही नको, पडलास तर ती कडक वस्तू छातीत घुसते. फोन ठेवायचाच तर मागच्या सीटखाली, फोममध्ये घट्ट गुंडाळून. चेन्नईच्या उन्हात तिथे तो तापून बंद पडू शकतो हेही धरून चाला.

मग घ्यायचं काय? माझं आणि मेघाचं इथे जमलं. ब्लूटूथवाला बाहेरचा जीपीएस रिसीव्हर, किमान १० हर्ट्झचा, रेसबॉक्स मिनीसारखा २५ चा मिळाला तर उत्तम, आणि ॲप फोनवर. त्यातही स्वतःची मेमरी असलेलं मॉडेल असेल तर अजून बरं, मग फोन पिटमध्येच राहतो आणि डबा एकटाच बाईकवर जातो. डबा टेलवर, म्हणजे सीटच्या मागच्या टोकावर, वर मोकळं आकाश पाहिजे, वर प्लास्टिक असलं तर चालतं पण टाकी किंवा पत्र्याखाली नको. डबल टेप लावलीत तरी वरनं एक दोरी बांधाच. आणि सेशनच्या आधी पाच-दहा मिनिटं उघड्यावर चालू करून ठेवायचा, ऐनवेळी पिट लेनमध्ये चालू केला की पहिले लॅप वाया जातात.

पक्याला यातही स्वस्तातलं सुचलं, "तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जीपीएसचं मॉड्यूल मिळतं, ईएसपी३२ च्या छोट्या बोर्डला जोडतो, रेसक्रोनो ते घेतं." होतं हे, आणि ज्याला सोल्डरिंगची आवड आहे त्याने जरूर करावं, पण निओ-६एम हे मॉड्यूल घेऊ नका, ते ५ हर्ट्झच्या पुढे जात नाही. आणि एम८एन या त्याच्या पुढच्या मॉड्यूलच्या नावाखाली नकली चिप सर्रास मिळते, १० हर्ट्झवर सेट केली तरी जात नाही. घरी आणून आधी बाल्कनीत तपासा. शिवाय ट्रॅकवर पहिल्याच सेशनला वायर सुटली तर तो दिवस पुन्हा मिळत नाही, एवढ्या लांब बाईक नेऊन.

शेवटी तोडगा सन्यानेच काढला. ट्रॅक डेला ग्रुप पाडतात, नवखे, मधले, फास्ट, आणि सेशन आळीपाळीने होतात. सन्या पहिल्यात, पक्या मधल्यात, मेघा फास्टमध्ये. तिघांत एक रिसीव्हर घ्यायचा, तीन ब्रॅकेट, आणि पिटमध्ये आला की दुसऱ्याच्या टेलवर. मेघा लगेच तयार झाली, कारण मग तिघांचे स्पीडचे ग्राफ एकावर एक टाकून सन्या कुठल्या कॉर्नरला किती आधी ब्रेक मारतो ते त्याला समोर दाखवता येईल. पक्याची एकच अट, दिवसाच्या शेवटी चार्जिंगची जबाबदारी सन्याची. त्यावर सन्या अजून हो म्हणालेला नाही.