थांबायचं कुणी

दादाचा फोन दर रविवारी जेवणानंतर येतो. त्याचे दोन वाजलेले असतात, माझे साडेनऊ. जानेवारीत ‘पुणे ग्रँड टूर’ झाली आणि आमच्या घरात सायकल हा विषय शिरला. आधी रस्त्यांवरून तोंडसुख घेऊन झालं: परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर डांबर पडलं, आम्ही इतकी वर्षं खड्ड्यांतून जातोय ते कुणाला दिसलं नाही. ते सगळं ऐकून घेतल्यावर मी एवढंच विचारलं, की शर्यत फक्त पुरुषांची का? दादा म्हणाला, “बायका सायकल चालवतील गं, पण हा सांघिक खेळ आहे. एका घरात दोन जावा नांदत नाहीत, एका संघात सात जणी काय नांदणार?” मागून हसण्याचा आवाज आला. वहिनीचा.

हाच दादा नोव्हेंबरात, नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा रात्री बाराला कॉलनीत पेढे वाटत होता. त्याची आठवण करून दिली तर म्हणे, “ते क्रिकेट. तिथे प्रत्येकीची बॅट वेगळी.”

मला राग पटकन येतो, आणि रॉटरडॅममध्ये चौदा वर्षं काढल्यावर तो जास्तच पटकन येतो. इथे बायकांच्या शर्यतीवर माणसं तावातावाने भांडतात, पण ते डावपेचांवर. कोणी कोणाच्या मागे का बसली, कोणी पाठलाग का केला नाही. जावा-जावांचा विषय निघत नाही. (निघतो, खरं सांगायचं तर, फक्त वेगळ्या शब्दांत. पण ते दादाला सांगायची गरज नाही.)

दादाला मुळात हा खेळ वाऱ्याचा आहे हेच माहीत नाही. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की तिसरा हिस्सा तरी ताकद वाचते. एरास्मस पुलावर नैऋत्येचा वारा लागला की मीही एखादं धिप्पाड माणूस शोधते आणि त्याच्या आडोशाने चढ काढते. परवा एक आजोबा सापडले. निळा रेनकोट, मागच्या पिशवीतून प्रेईची (पातीच्या कांद्याची इथली धिप्पाड बहीण) हिरवी पानं बाहेर आलेली. अर्धा पूल त्यांनी मला ओढलं. मग एकदा मान वळवून पाहिलं, बाजूला झाले आणि हाताने खूण केली: चल, आता तू पुढे. मी बिनदिक्कत पुढे गेले, दहाएक पॅडल मारली, आणि पूल संपताच डावीकडे वळून सटकले.

सगळे डावपेच याच्यावरच उभे आहेत. वारा आडवा असला की बायका रस्ताभर तिरक्या पसरतात. त्याला डच लोक ‘वायर’ म्हणतात, म्हणजे पंखा. त्यात जागा मिळाली नाही ती मागे फेकली गेली. संघातली एक पुढे निसटली की तिच्या बाकीच्या मैत्रिणी मागे आरामात बसतात, कारण पाठलागाची जबाबदारी इतरांची. आणि जिच्यासाठी हे चालतं ती सोडून बाकीच्यांना इथे ‘क्नेख्त’ म्हणतात, शुद्ध मराठीत गडी. जी मागे गाडीपर्यंत जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबून परत येते ती ‘वाटरड्राखर’. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू फुटलं. आपला पाणक्याच की!

आता वैराचं बघू. मार्च २०२३, इटलीतली स्ट्राडे बियांके ही शर्यत. शेवटी सिएनाच्या दगडी चौकात दोघीच उरल्या: डच डेमी व्होलरिंग आणि बेल्जियन लोटे कोपेकी. दोघी एकाच संघाच्या, एसडी वर्क्सच्या. संघाचा पहिला-दुसरा नंबर ठरलेलाच होता. एकीने दुसरीला सोडून दिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. त्या एकमेकींशी जीव खाऊन लढल्या, फोटो बघून व्होलरिंगला विजेती ठरवावं लागलं, आणि रेषेपलीकडे मिठ्याबिठ्या फारशा झाल्या नाहीत. दादाला हा व्हिडिओ मिळाला तर तो फ्रेम करून लावेल. पण त्याच वर्षी जुलैतली टूर द फ्रान्स फाम, म्हणजे बायकांची टूर, बघा. कोपेकीने पहिला टप्पा जिंकून पिवळी जर्सी घातली (सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत जी पुढे, तिची ती) आणि टूरमालेच्या घाटापर्यंत अंगावर ठेवली. टूरमालेवर धुक्यात व्होलरिंग सगळ्यांना मागे टाकून गेली. शेवटी पहिली व्होलरिंग, दुसरी कोपेकी. मार्चमध्ये भांडलेल्या त्याच दोघी. पुरुषांमध्ये हे झालं असतं तर दादा ‘काय डोकं लावलंय’ म्हणाला असता.

आणि न भांडताही हरता येतं. टोकियो ऑलिंपिकला डच संघात व्हॅन व्ल्युटेन, व्हॅन डर ब्रेगेन, फॉस आणि व्होलरिंग होत्या. असा संघ पुन्हा जमायचा नाही. पहिल्याच किलोमीटरला अ‍ॅना कीझनहोफर नावाची ऑस्ट्रियन गणितज्ञ निसटली. तिला कुठल्या व्यावसायिक संघाचा करारही नव्हता. ऑलिंपिकमध्ये, पुढे कोण आहे ते सांगणारा रेडिओ कानात नसतो. तिच्याबरोबर निसटलेल्यांतल्या शेवटच्या दोघींना डच बायकांनी गाठलं आणि पुढे आता कोणी नाही असं समजल्या. व्हॅन व्ल्युटेनने रेषेवर सोनं मिळाल्यासारखे हात वर केले. कीझनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती. माझ्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी शोककळा होती. एक सहकारी म्हणाला, चार राण्या, गडी एकही नाही. यात बायकांचा स्वभाव कुणी काढला नाही, हे मी दादाला तीनदा ऐकवलं आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याला ऐकवत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये टूर रॉटरडॅमहून निघाली आणि वहिनी नेमकी माझ्याकडे होती. लग्नानंतर अठरा वर्षांत पहिल्यांदा एकटी कुठे आलेली. आईला दादाच्या भरवशावर ठेवून, म्हणजे डबा लावून आणि गोळ्यांच्या पाकिटांवर वार लिहून. शहरातल्या टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकीने घड्याळाशी लढायच्या टप्प्याला, आम्ही कठड्याला टेकून उभ्या होतो. प्रत्येक बाई सुईईई करत गेली की वहिनी दचकायची. व्होलरिंगने ती शर्यत जिंकून पिवळी जर्सी घेतली. वहिनीने तिला ‘आपली’ करून टाकलं.

दोन दिवसांनी घरी टीव्हीवर पाचवा टप्पा. आम्नेव्हिलला सहाएक किलोमीटर उरले असताना घोळक्यात धाडकन बायका पडल्या, त्यात पिवळी जर्सी. पुढे तिच्याच संघाची ब्लांका वाश होती. ती थांबली नाही, टप्पा जिंकली. व्होलरिंग जवळपास पावणेदोन मिनिटांनी आली, बरोबर ओढायला स्वतःच्या संघाची एकही नाही. तीन दिवसांनी शेवटच्या टप्प्याला, आल्प द्यूएझच्या घाटावर, ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि पूर्ण टूर चार सेकंदांनी हरली. काशा निएवियाडोमा जिंकली. चार सेकंद!

इथली वर्तमानपत्रं एसडी वर्क्सवर तुटून पडली. त्या वर्षानंतर व्होलरिंगने संघ सोडला. मी मात्र त्या संध्याकाळी वहिनीला समजावत होते: गोंधळ असतो, कानातलं नीट ऐकू येत नाही, टप्पा जिंकायची संधी रोज येत नाही, शिवाय वाशलाही तिचं करिअर आहेच की. वहिनी भेंडी चिरत होती. तिने एकच विचारलं, “थांबायचं कुणी, हे आधी ठरलेलं नसतं का गं?”

मी म्हटलं, ठरलेलं असतं, पण ऐन वेळी…

आई आदल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड. माझ्याकडे प्रोजेक्टची डिलिव्हरी होती, तिकिटं महाग होती, पुढच्या आठवड्यात येते म्हणाले. पोचले बाविसाव्या दिवशी. तोवर वहिनीने शाळेतली बिनपगारी रजा टाकलेली, आणि आईला वॉकर धरून ओट्यापर्यंत चालायला लावलेलं. मी आले म्हणून शेजारच्या काकू डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “लेक हॉलंडहून धावत आली हो.” वहिनी तेव्हा आत चहा टाकत होती.

इथे निदान गड्याच्या कामाला करार असतो, बक्षिसाच्या पैशांत वाटा असतो, असं मी मोठ्या तोंडाने सांगते. तेही पूर्ण खरं नाही. वरच्या स्तरावरच्या संघांतल्या बायकांना किमान पगाराचा नियम आला तो २०२० मध्ये, वर्षाला पंधरा हजार युरोंचा. रॉटरडॅममध्ये त्यात घरभाडंसुद्धा निघायचं नाही. पण दादाशी वाद घालताना मला नेदरलँड्स जरा बरं दिसलेलं हवं असतं. इथल्या लोकांशी बोलताना मला पुणं तसंच बरं दिसायला हवं असतं. दोन्हीकडे मी कुणाच्या तरी आडोशाने बोलते.

गेल्या रविवारी दादाला झापायची पूर्ण तयारी करून बसले होते. फोन वहिनीने उचलला. हे झोपलेत म्हणाली. मी म्हटलं, त्या दिवशी दादा जावांचं काहीतरी बरळला, आणि वहिनी, तू चक्क हसलीस?

“हसू नको तर काय करू? मला कुठे जाऊ आहे,” ती म्हणाली. “असती तर भांडलो असतो, पण पाळीपाळीने तरी केलं असतं. थांब, आईंना देते.”